‘फवारणी करावी’ : पण कोणी?



सरकारच्या शेतीविषयक पुस्तिका वाचणं हे आपल्या चळवळीत कोणी काम समजत नाही. आपण बाबासाहेबांचे खंड वाचतो, फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचतो, कोर्टाचे निकाल वाचतो, ॲट्रॉसिटीच्या केसचे एफआयआर कलमांसकट तोंडपाठ करतो. पण ‘कपाशीवरील किडींचे नियंत्रण’ अशा नावाची कृषी खात्याची चार पानी घडीपत्रिका? ती कृषी केंद्राच्या काउंटरवर पडून असते आणि शेवटी भज्यांखाली जाते. मी मात्र काही वर्षांपासून ही कागदं जमवतेय. रद्दीवाल्याकडून, जुन्या ग्रंथालयांतून, आणि ब्रिटिश काळातली इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेली. मैत्रिणी हसतात. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि अळ्यांची चित्रं बघत बसली, म्हणतात.

याची सुरुवात २०१७ च्या पावसाळ्यानंतर झाली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो माणसं दवाखान्यात भरती होती. कोणाच्या डोळ्यांपुढे अंधार, कोणाला उलट्या, कोणाचे हातपाय पलंगाला बांधून ठेवलेले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती, म्हणजे फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावरच परत येई. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, अधिकाऱ्यांच्या बोलण्यात एकच सूर होता : मजुरांनी हातमोजे घातले नव्हते, मास्क लावला नव्हता, सूचना पाळल्या नाहीत. तेव्हा मला साधा प्रश्न पडला. सूचना कुठे लिहिलेल्या आहेत, कोणासाठी लिहिलेल्या आहेत आणि कधीपासून? म्हणून वाचायला बसले.

वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती भाषा. या सगळ्या साहित्यात एकच क्रियापद राज्य करतं : ‘करावे’. फवारणी करावी. द्रावण तयार करावे. रोगट बोंडे वेचून नष्ट करावीत. शेत स्वच्छ ठेवावे. शाळेत व्याकरणात कर्ता ओळखायला लावायचे, तसं मी पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे ‘कोणी?’ असं लिहीत गेले. पानंच्या पानं भरली. वाक्यात पीक आहे, कीड आहे, औषध आहे, पाण्याचं माप आहे. फवारणारा माणूस नाही. कुठे कर्ता आलाच तर ‘शेतकरी बंधूंनी’ एवढाच. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या वावरात शिरणारा, पंपामागे ठरलेल्या मजुरीवर दिवसभर फवारणारा माणूस त्या व्याकरणात बसत नाही.

ही सवय जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १९०५ साली बिहारात पुसा इथे शेती संशोधन संस्था काढली. तिला पैसा दिला हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन श्रीमंताने. तिथला कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याने १९०६ साली ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ हे पुस्तक लिहिलं आणि ते कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात छापलं गेलं. भारतातल्या पिकांवरच्या किडींचं हे पहिलं मोठं सरकारी हातपुस्तक म्हणता येईल. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगते. चित्रं सुंदर, निरीक्षण बारीक. त्या काळचे उपायही आजच्यासारखे विषाने भरलेले नाहीत. रॉकेल आणि साबणाचं मिश्रण, काही ठिकाणी शिशाचं आर्सेनेट, पण बरेचसे उपाय हाताचे : अळ्या आणि अंडी वेचा, झाड हलवून किडे रॉकेल घातलेल्या पाण्यात पाडा, हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून जाळा. आता हे ‘वेचा, पाडा, उपटा’ कोण करणार? हाताने किडे वेचण्याचा उपाय परवडतो तो हात स्वस्त असतील तरच. ते हात कोणाचे आणि ते स्वस्त का, हा प्रश्न कीटकशास्त्राच्या कक्षेत येत नाही, असं म्हणून पुस्तक पुढे सरकतं.

जाता जाता एक गोष्ट. हाच लेफ्रॉय नंतर लंडनला प्राध्यापक झाला आणि १९२५ साली प्रयोगशाळेत किडे मारायच्या विषारी वायूचा प्रयोग करताना त्याच वायूने मेला. वय ४८. त्याच्याबद्दल मनात आकस नाही, वाईटच वाटतं. पण विषाने गेलेल्या शास्त्रज्ञाच्या मृत्यूची तारीख, जागा, कारण सगळं नोंदलं गेलं. आमच्याकडे फवारणी करताना गेलेल्या मजुराच्या कागदावर कारण काय लिहायचं यावरूनच आधी वाद सुरू होतो.

ही पुस्तकं इंग्रजीत. गावापर्यंत पोचायची ती देशी भाषांतली पत्रकं. ती वाचणार कोण? ज्याच्याकडे अक्षर होतं तो, म्हणजे पाटील, कुलकर्णी, सावकार. आणि सरकारची सूचना गावभर दवंडी पिटून सांगायचं काम कोणाचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. महाराकडे वतन होतं, म्हणजे सरकारच्या आणि गावाच्या हाकेला रात्रंदिवस ओ देण्याची सक्ती होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते या सक्तीविरुद्ध. म्हणजे सूचना ओरडून सांगणारा आमचा, सूचनेप्रमाणे राबणारा आमचा, आणि सूचना ज्याच्या नावाने लिहिली तो मात्र दुसराच.

त्याच १९२८ साली शेतीवरच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो, तोच जो पुढे व्हॉइसरॉय झाला. अहवाल जाडजूड आहे. बियाणं, जनावरं, खतं, किडी, रोग, सहकार, शिक्षण, सगळं आहे. पण या कमिशनला नेमतानाच बजावलं होतं की जमिनीची मालकी, कूळपद्धत आणि शेतसाऱ्याची आकारणी यांवर शिफारशी करायच्या नाहीत. शेती सुधारा, पण शेत कोणाचं हे विचारू नका! मला वाटतं, आपल्या सगळ्या कृषी साहित्याची कुंडली इथे मांडली गेली. आजची पत्रिका काढून बघा. ती अजूनही या हुकुमाबाहेर गेलेली नाही.

आणि याच्या दहा वर्षं आधी, १९१८ मध्ये, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. वय अवघं सत्तावीस. तेव्हा सरकारी तज्ज्ञ जमिनीचे तुकडे एकत्र करा, म्हणजे शेती सुधारेल असं सांगत होते. बाबासाहेब म्हणाले, जमिनीचा आकार लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर किती माणसं टेकली आहेत, हाताशी भांडवल आणि अवजारं किती आहेत, त्यावर ठरतं. शेतीवर जादा माणसं लादली गेली आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही. आपण हा निबंध अर्थशास्त्र म्हणून वाचतो. मला त्यात वाचायची वेगळी रीत दिसली. सरकारी कागद पीक आणि जमीन मोजतो, तेव्हा बाबासाहेब त्या जमिनीवर उभी असलेली माणसं मोजतात. पुढे १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातपात न पाहता गावातल्या लोकांना कसायला द्यावी अशी मांडणी केली, म्हणजे ना जमीनदार उरेल, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. ते झालं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी साधारण ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख निघाले. पत्रिका छापताना ‘शेतकरी बंधूंनो’ असं म्हणतात, तेव्हा वावरातल्या अर्ध्याहून जास्त माणसांना ती हाक लागूच होत नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषेत आणखी एक बदल झाला, आणि तो मला सगळ्यात घातक वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी आले. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे बीएचसीचा कारखाना निघाला. मग हरितक्रांती आली, संकरित वाण आले, आणि त्यांच्या मागोमाग बाटल्या आल्या. या बाटल्यांतल्या मालाला गावात नाव पडलं ‘औषध’. सरकारी मराठीनेही ‘कीटकनाशक औषधे’ असं म्हणत त्यावर शिक्का मारला. जे माणसाला मारू शकतं त्याला औषध म्हणायचं, आणि मग मजुराने काळजी घेतली नाही म्हणून त्याच्यावर ठपका ठेवायचा! ‘औषध मारायला गेला’ आणि ‘औषध पिऊन मेला’, दोन्ही वाक्यांत एकच शब्द. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया हा शब्द इतक्या सहज वापरतात की डब्यावरच्या कवटीकडे लक्षच जात नाही.

कवटीचा विषय निघाला तर कायद्याबद्दल बोलायलाच हवं. १९५८ साली जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळलं गेलं आणि केरळात शंभरावर माणसं मेली. चौकशीला न्यायमूर्ती शहा यांचा आयोग बसला. तिथून हळूहळू कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि कीटकनाशके नियम १९७१ आले. डब्यावरचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग याच नियमांतले. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. मी बैठकीत हे सांगते तेव्हा लोक चकित होतात. हिरवा रंग म्हणजे नैसर्गिक, बिनधोक, असा अनेकांचा समज. काहींना तर वाटायचं की रंग कंपनीची ओळख आहे.

या १९७१ च्या नियमांचा एक भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असं माझं म्हणणं आहे. नियम ३७ : फवारणीच्या कामात असलेल्या माणसाची कामाआधी आणि नंतर ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी. नियम ३८ प्रथमोपचाराचा. नियम ३९ संरक्षक कपड्यांचा : अंगभर कपडा, डोक्याला टोपी, कोपर ते मनगट यांच्या मध्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, चष्मा, बूट. नियम ४० श्वसनाच्या साधनांचा, ४१ उताऱ्याची औषधं आणि इंजेक्शनं जवळ ठेवण्याचा, ४२ कामगारांना प्रशिक्षण देण्याचा. पन्नास वर्षांहून जास्त काळ हे कागदावर आहे. उत्पादकावर, विक्रेत्यावर, फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. पण एका माणसाच्या वावरात दुसरा माणूस रोजंदारीने फवारतो तेव्हा त्याला हातमोजे कोणी द्यायचे? नियम म्हणतो, माणसं योग्य कपड्यांनी ‘संरक्षित असावीत’. पुन्हा तेच. कर्ता नाही.

कृषी खात्याच्या पत्रिकेत या सगळ्याचं रूपांतर होऊन शेवटच्या पानावर बारीक अक्षरात चार ओळी येतात. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, उपाशीपोटी फवारू नये, तंबाखू खाऊ नये, हात साबणाने धुवावेत. सल्ला चुकीचा नाही. पण नियमात जो दुसऱ्याच्या गळ्यातला बोजा होता तो पत्रिकेत येईपर्यंत मजुराच्या शिस्तीचा प्रश्न झाला. हक्क निघून गेला, उपदेश राहिला. आपल्या समाजाला हा प्रवास ओळखीचा वाटायला हवा. स्वच्छता कामगार गटारात मेला की त्याने पट्टा लावला नव्हता, हेच आधी ऐकू येतं.

आणखी एक साधी गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सुचत नाही. मजूर वावरात पोचतो तेव्हा औषध बहुतेक वेळा कालवून तयार असतं. डबा आणि त्याच्यासोबतची माहितीपत्रिका मालकाच्या घरी किंवा कृषी केंद्रातच राहते. दोन-तीन औषधं एकत्र केलेली असतात, वर एखादं टॉनिक. मग मजूर दवाखान्यात पोचतो, डॉक्टर विचारतो काय फवारलं, आणि बायको सांगते ‘औषध’. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन देता येतं. दुसरं काही असेल तर उपचार वेगळे. नेमकं काय हे कळेपर्यंत तास जातात. म्हणून आम्ही आमच्या गावांत एकच सांगत फिरतो : पंप पाठीवर घेण्याआधी डब्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. मालकाला राग आला तरी घ्या. सुरुवातीला एका गावात एका मालकाने फोटो काढणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं नाही. आता तिथे पोरं एकत्र जातात आणि सगळे काढतात.

आता सातबारा. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. अपघातांच्या यादीत वीज पडणं आहे, सर्पदंश आहे, आणि कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधाही आहे. चांगलीच गोष्ट. पण ती लागू होते ती ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला, आणि नंतर झालेल्या बदलाने त्याच्या घरातल्या आणखी एका माणसाला. म्हणजे वावर ज्याचं आहे तो घरात बसून पाय घसरून पडला तरी पात्र, आणि त्याच वावरात विष अंगावर घेऊन मेलेला भूमिहीन मजूर अपात्र. मी स्वतः एका बाईसोबत तालुक्याच्या एका कार्यालयात गेले आहे. तिच्या हातात मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, आधार कार्ड, सगळं होतं. कारकुनाने सगळं नीट चाळून विचारलं, “सातबारा?” ती म्हणाली, “साहेब, सातबारा असता तर तो लोकायच्या वावरात कायले गेला असता?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, पाणी वगैरे दिलं त्याने. फॉर्मवर तेवढाच रकाना होता.

इथे काही मित्र विचारतात, यात जात कुठून आणली? विष काही जात बघत नाही. २०१७ मध्ये दोन-तीन एकरवाले शेतकरी स्वतःच्या वावरात फवारताना पडले, त्यांत कुणबी होते, आदिवासी होते. खरं आहे, आणि त्यांचं दुःख आपलंच आहे. मी ते नाकारत नाही. पण जमीन कोणाच्या नावावर असावी हे विषाने ठरवलेलं नाही, जातीने ठरवलेलं आहे. बौद्धपुऱ्यातल्या, कोलाम पोडावरच्या आणि मांगवाड्यातल्या घरांना दुसऱ्याचा पंप पाठीवर का घ्यावा लागतो, हे कीटकशास्त्र सांगू शकणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी माणसं तुरुंगात गेली, ती याच प्रश्नावर. त्यांना पडीक जमीन हवी होती, हे आपण सांगतो. त्या जमिनीसोबत सातबारा येतो आणि सातबाऱ्यासोबत ‘शेतकरी’ हे नाव येतं, हा भाग आपण कमी सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्याच पोरांकडून येतो. म्हणतात, ताई, रासायनिक शेतीच बंद करा, गोमूत्र, जीवामृत. कडुनिंबाच्या ५ टक्के अर्काची शिफारस कृषी खातंही करतं आणि ती चांगली आहे, आम्हीही सांगतो. पण निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, हे पुन्हा कोणाचे हात? विष गेलं तरी मजुरीचा प्रश्न राहतोच. आणि ‘पूर्वी सगळं नैसर्गिक होतं’ या गोष्टीवर तर आपण मुळीच भाळू नये. गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद १८४३ ची आहे, भडोचच्या कपाशीवरची. अळीही जुनी, आणि ती हाताने वेचणारी जातही जुनी. त्या नैसर्गिक काळात आपले लोक काय खात होते हे आजी-आजोबांना विचारा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात कोळशाच्या खाणीत स्वतः उतरून कामगार कसे काम करतात ते पाहून आले होते. आमच्या भागात फवारणीच्या दिवसांत, भरदुपारी, पऱ्हाटीच्या ओळीत उतरून बघणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही. पत्रिका मात्र दर हंगामात येतात, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतात.

मागच्या पावसाळ्याआधी आम्ही विहारात नियम ३७ ते ४२ सोप्या मराठीत वाचून दाखवले. वंदना झाली, मग वाचन. पुरुष पुढे, बाया मागे भिंतीला टेकून, नेहमीसारखं. नियम ३९ मध्ये असं आहे की संरक्षक कपडा धुता येण्याजोगा असावा, म्हणजे प्रत्येक वापरानंतर त्यातलं विष निघून जाईल. हे वाचून मी पुढे गेले तर मागून एक बाई म्हणाली, “थांब पोरी. धुवावा म्हणते, पण धुणार कोण? त्याचा शर्ट म्या रोज नदीवर हातानं घासतो. माह्या हाताची सालं निघते. माह्यासाठी कोणता नंबर आहे त्याच्यात?”

मी नियम पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. तिच्यासाठी नंबर नव्हता. आम्ही कृषी आणि कामगार या दोन्ही खात्यांना जे निवेदन पाठवलं त्यात मग एक मुद्दा वाढवला : विषाचे कपडे धुणाऱ्या बायांनाही हातमोजे आणि तपासणी. पोच आली आहे. उत्तर अजून नाही.